भोकं जुळली, पण चाक बसलं का?

‘मी सहा वर्षांपासून स्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. मागच्या वर्षी हौसेनं जुनी पोर्शे ९४४ घेतली. अडीच लिटरची, टर्बो नसलेली. कागदांवर पहिली नोंदणी ऑक्टोबर १९८६ची आहे आणि जुन्या गाड्यांची ‘एच’ नंबरप्लेट आहे. चाकं १५ इंची, ७ इंच रुंद, टायर २१५/६०. रंग उडालाय आणि एका चाकाची कड वाकलीय. इथेच एक जण बॉक्सस्टरची १७ इंची चार चाकं स्वस्तात देतोय, पुढची ७ इंच रुंद, मागची साडेआठ. तो म्हणतो, ‘दोन्ही पोर्शे, दोन्हींचा नमुना पाच बाय १३०, डोळे मिटून घ्या. अगदीच लागलं तर मध्ये स्पेसरची चकती टाका.’ मला मात्र गाडीत काही कापायचं, ठोकायचं नाही, मडगार्डला कानसही लावायची नाही. बायको म्हणते, आहेत तीच रंगवून घे. काय करू?’

– पंधरा इंची, स्टुटगार्ट

प्रिय पंधरा इंची,

पैसे दिले नसतील तर आज देऊ नका. विकणारा खोटं बोलत नाहीये. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही खऱ्या आहेत. सांगायला हवी होती ती तिसरी, आणि तुमच्या गाडीच्या बाबतीत सगळं तिच्यावरच अडलंय.

पाच बाय १३० म्हणजे पाच स्टड, म्हणजे चाक अडकवायचे आटेदार खिळे, १३० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. मधल्या भोकाचा व्यास ७१.६, तोही दोन्ही गाड्यांचा सारखा. त्यामुळे बॉक्सस्टरचं चाक तुमच्या हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर, सरकेल, नटही लागतील. पण भोकं जुळली की चाक बसतंच, असं मानायचं तर मर्सिडीजच्या जी-वॅगनची चाकंही पाच बाय १३०चीच आहेत आणि केयेनचीही. ती काही तुम्ही ९४४ला लावायला जाणार नाही. शिवाय जाहिरातीत ‘९२४/९४४ची चाकं’ असं मोघम लिहिलेलं दिसलं तर आधी भोकं मोजा, कारण साध्या ९२४ला चारच स्टड असतात.

तिसरी गोष्ट म्हणजे ईटी. जर्मनीत सहा वर्षं काढली आहेत, तेव्हा आइनप्रेसटीफं हा शब्द गॅरेजमध्ये कानावरून गेला असेल. त्याच शब्दाची ही आद्याक्षरं. आपल्याकडे सगळे ऑफसेट म्हणतात. समजायला घरातलं मोदकपात्र आडवं करून डोळ्यांपुढे आणा. भांडं म्हणजे रिम आणि आतली भोकांची चाळणी म्हणजे हबला टेकणारी तबकडी. चाळणी भांड्याच्या बरोबर मध्यावर असेल तर ईटी शून्य. ती बाहेरच्या बाजूला, म्हणजे रस्त्याकडे सरकवली की ईटी वाढतो. चाळणी हबला घट्ट बांधलेली असते, जागची हलत नाही. म्हणून ती भांड्यात जितकी बाहेर, तितकं भांडं गाडीच्या आत जातं. ईटी वाढला की चाक आत जातं, कमी झाला की बाहेर येतं. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं आणि इथेच बहुतेकांची गफलत होते.

आता ९४४ची खास भानगड. ही गाडी १९८२ ते १९९१ अशी दहाएक वर्षं निघाली. १९८६च्या मॉडेलपर्यंत तिच्या चाकांचा ईटी २३.३ होता. १९८७च्या मॉडेलपासून या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, मिळू लागलं आणि त्यासाठी पोर्शेनं पुढच्या चाकांची भूमिती बदलली. स्टीअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे टेकतो आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंमधलं अंतर उणे केलं. असं केलं की एका बाजूच्या चाकाला ब्रेक जास्त धरला तरी गाडी तिकडे खेचली जात नाही. हे साधायला हब बाहेर घेतला आणि चाकाची तबकडीही तितकीच बाहेर नेली. नव्या चाकांचा ईटी झाला ५२.३ आणि ५५. बाहेरून पाहणाऱ्याला टायर होता तिथेच दिसतो, पत्राही तोच. आतला हिशेब मात्र तीस मिलिमीटरनं बदललेला, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत जवळजवळ दहा सूत.

आणि तुमची गाडी नेमकी या दोन जमान्यांच्या सांध्यावर आहे. ऑक्टोबर १९८६ ही नोंदणीची तारीख झाली. गाड्यांचं मॉडेल वर्ष मात्र उन्हाळ्याची सुट्टी संपली की पालटतं. ऑक्टोबर ८६ला नोंदलेली गाडी ८६च्या मॉडेलची, शोरूममध्ये उभी राहिलेली असू शकते, किंवा ८७च्या मॉडेलची, नुकतीच कारखान्यातून निघालेली. म्हणून आधी चासी नंबर काढा. डब्ल्यूपी-शून्य असा सुरू होतो तो, कागदावर असतोच. त्यातलं दहावं अक्षर बघा. ‘जी’ असेल तर मॉडेल १९८६, ‘एच’ असेल तर १९८७. अकरावं अक्षर ‘एन’ असेल, ते नेकार्सउल्मचं. तुमची पोर्शे तुमच्या घरापासून तासाभरावरच्या ऑडीच्या कारखान्यात बांधली गेली आहे. चाकाशी याचा काही संबंध नाही, पण गाडीच्या मालकाला माहीत असलेलं बरं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत चाकाचा मधला भाग चांगला खोल दिसतो. ते जुन्या, ईटी २३च्या चाकाचं लक्षण. नवी चाकं दर्शनी बाजूनं सपाट असतात. पण चाकावरून गाडीचं वय ठरवू नका. जवळजवळ चाळीस वर्षांत किती मालकांनी काय काय बदललं असेल, कोण सांगणार!

समजा, अक्षर ‘जी’ निघालं. मग पाटीवर हिशेब मांडू.

तुमचं सध्याचं चाक ७ इंच रुंद. इंच २५.४चा, म्हणून अर्धी रुंदी ८८.९ मिलिमीटर. ईटी २३.३. हबच्या पृष्ठापासून आत चाक जातं ८८.९ अधिक २३.३, म्हणजे ११२.२. बाहेर उरतं ८८.९ वजा २३.३, म्हणजे ६५.६. बॉक्सस्टरचं पुढचं चाक ७ इंचीच, पण ईटी ५५. ते आत जाणार १४३.९ आणि बाहेर उरणार ३३.९. म्हणजे ३१.७ मिलिमीटर आत, शॉकअपच्या दिशेनं. मागचं साडेआठ इंची चाक ईटी ५०चं. त्याची आतली बाजू १५७.९वर जाते, आजच्यापेक्षा जवळजवळ ४६ मिलिमीटर आत. मागचं चाक धरून ठेवणाऱ्या आर्मपाशी एवढी जागा कुठून आणणार?

म्हणूनच विकणाऱ्यानं ‘अगदीच लागलं तर स्पेसर’ असं म्हटलं. त्या ‘अगदीच’चा अर्थ पुढे तीस-बत्तीस मिलिमीटर आणि मागे त्याहून जास्त. एवढा जाड स्पेसर म्हणजे नुसती चकती नसते. तो हबला वेगळ्या नटांनी आवळायचा आणि चाक त्याच्या स्वतःच्या स्टडवर बसवायचं. चांगल्या प्रतीचे मिळतात, लोक वर्षानुवर्षं वापरतात, हे मी नाकारत नाही. पण प्रत्येक चाकामागे आवळायच्या जागा दुप्पट झाल्या, स्प्रिंगखालचं वजन वाढलं, आणि जर्मनीत स्पेसरचेही स्वतंत्र कागद लागतात. तुम्ही लिहिलंय की गाडीत बदल नको. माझ्या हिशेबी हा बदलच आहे, मग कानस हातात घेतलेली असो वा नसो. माझं उत्तर: ‘जी’ असेल तर नाही.

आणि अक्षर ‘एच’ निघालं तर? मग मला बरेचसे शब्द मागे घ्यावे लागतील. नव्या ९४४चं ७ इंची चाक ईटी ५५चंच असतं, त्यामुळे बॉक्सस्टरचं पुढचं चाक मिलिमीटरनं मिलिमीटर तिथेच बसेल. मागच्याची तुलना नव्या टर्बोच्या ८ इंची, ईटी ५२.३च्या चाकाशी करा. आत साधारण ४ मिलिमीटर जास्त, बाहेर ८.६ जास्त. हे पचण्यासारखं आहे. फक्त टायर बेताचा घ्या. बॉक्सस्टरवर मागे २५५ असतो, त्याच्या मोहात पडू नका. पुढे २०५/५० आर १७ आणि मागे २२५/४५ आर १७ घेतलेत तर बाहेरचा व्यास अनुक्रमे ६३७ आणि ६३४ मिलिमीटर येतो. कंपनीच्या २०५/५५ आर १६चा ६३२ आहे, म्हणजे स्पीडोमीटरही बिघडत नाही. पण मग एक नवा प्रश्न उभा राहतो: ‘एच’च्या गाडीवर ही ईटी २३ची चाकं आली कशी, आणि ती बसवायला आधीच्या मालकानं काय केलं? हबपासून चाक तीस मिलिमीटर बाहेर असेल तर मडगार्डची आतली कड बोटानं चाचपून बघा. कुणीतरी आधीच दुमडलेली असायची.

आता ‘एच’ प्लेटबद्दल, कारण ती या सगळ्यात गुंतलेली आहे. (चासी नंबरातल्या ‘एच’शी तिचा काही संबंध नाही, नशिबानं अक्षर तेच आलंय.) तीस वर्षं झालेल्या, मूळ रूप राखलेल्या गाडीला ती मिळते आणि रस्ताकर वर्षाला सरसकट १९१.७३ युरो. बदल चालतात, पण त्या काळाला शोभणारे. ढोबळ नियम असा की गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत जे होऊ शकलं असतं ते. तुमची दहा वर्षं ऑक्टोबर १९९६ला भरली. बॉक्सस्टर बाजारात आली १९९६च्या उत्तरार्धात. तपासणारा अधिकारी जाणकार असेल तर या योगायोगावर हसेल आणि मग कागद मागेल. तेव्हा चाकं घेण्याआधीच तपासणी केंद्रात जा, ईटी आणि टायरचे आकडे लिहिलेला कागद पुढे ठेवा आणि ‘हे नोंदवाल का?’ असं विचारा. या देशात हा प्रश्न आधी विचारला की सगळे मदत करतात. नंतर विचारला की सगळे मान हलवतात. बाजारातली इतर कंपन्यांची चाकं असतील तर त्यावर केबीएचा, म्हणजे जर्मनीच्या वाहन खात्याचा, क्रमांक ओतलेला असतो आणि सोबत मान्यतेचं पत्रक. त्या पत्रकात तुमच्या गाडीचं नाव आणि अटी वाचा. ‘मडगार्डची कड दुमडावी’ अशी अट बारीक अक्षरात दडलेली असते. तुमच्यासाठी ते चाक तिथेच बाद.

मी हे इतकं ठासून सांगतोय, कारण मीही पोळलोय. गाडी दुसरी होती, वय तुमच्याएवढं, आणि विकणाऱ्यानं ‘बसतात हो’ म्हटलं होतं. बसली. जॅक खाली घेतला तोवर बसलेलीच होती. पहिल्या वळणावर पुढचा टायर आतून घासायला लागला आणि मी तेव्हा चाकांना दोष देत घरी आलो. ती चार चाकं पुढे तीन वर्षं बाल्कनीत होती. आईनं दोन्ही जोड्यांवर कुंड्या मांडल्या. गुलाब चांगला आला होता.

मग काय घ्यावं? ‘जी’ धरून सांगतो. १६ इंची, ७ इंच रुंद, ईटी २३.३ची जुनी पोर्शेचीच चाकं शोधा. टेलिफोनच्या तबकडीसारखी गोल भोकांची, ज्यांना तिथले लोक टेलिफोनफेल्गं म्हणतात, ती. किंवा खिसा परवानगी देत असेल तर फुक्स या कंपनीची. फुक्सची घडीव चाकं १९६६ साली पोर्शेच्याच ९११ एसबरोबर आली. तुमच्या गाडीवर ती शोभतात आणि काळालाही धरून आहेत. फक्त एक सांभाळा. फुक्सच्या नावाखाली बाजारात ९११ची मागची चाकं सर्रास फिरतात, ८ इंची, ईटी १०.६. त्यांची बाहेरची बाजू ९१ मिलिमीटरवर येते, तुमच्या आजच्या चाकापेक्षा बरोबर एक इंच बाहेर. आत जागा आज आहे तेवढीच, बाहेर मडगार्डला टायर. शब्दावर जाऊ नका, चाकाच्या पाठीमागचा फोटो मागवा. आकडे तिथे ओतलेले असतात. ज्याला पाठीचा फोटो काढायचा कंटाळा येतो त्याच्याकडून मी चाक घेत नाही.

मागे जरा भरदार हवं असेल तर १९८६च्या टर्बोला कंपनीनंच ८ इंची, ईटी २३.३ची चाकं दिली होती. मागचा पत्रा दोन्ही गाड्यांचा सारखाच. आत-बाहेर साडेबारा-तेरा मिलिमीटर वाढतात, तेवढी जागा तिथे आहे. तुमच्या कागदांत ते मान्य आहे का, एवढं विचारून घ्या. मी स्वतः चारही ७ इंची ठेवीन आणि चारही २०५/५५ आर १६ टायर घालीन. हा आकार गोल्फ-ऑक्टाव्हियाला लागतो, त्यामुळे चांगल्या कंपन्यांचे टायर कुठेही मिळतात. तुमचा २१५/६० आर १५ आज शोधायला निघा, मग कळेल मी काय म्हणतोय ते. टायरवर वेगाचं अक्षर ‘व्ही’ असू द्या, ताशी २४० किलोमीटरपर्यंतचं. ‘एच’चा टायर स्वस्त मिळेल, पण तो २१०लाच थांबतो. तुमची गाडी नवी असताना त्याच्या पुढे जात होती आणि तुमच्याकडे आउटोबान दाराशी आहे.

आकडे जमले तरी विकत घेण्याआधी गाडीवर मोजा. सपाट जागी उभी करा, मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोऱ्यापासून टायरच्या भिंतीपर्यंतचं अंतर चारही चाकांना घ्या. चारही सारखी येणार नाहीत, जुन्या गाडीत येतच नाहीत. सगळ्यांत लहान आकडा तो तुमचा आकडा. आतल्या बाजूला मुलांच्या खेळायच्या मातीचा लिंबाएवढा गोळा टायरच्या समोर शॉकअपवर चिकटवा. उसनी आणलेली चाकं लावली असतील तर दोन्ही बाजूंना स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवून, मागे दोन जाडजूड मित्र बसवून गतिरोधकावरून सावकाश न्या. माती चपटी झाली, तर उत्तर मिळालं.

नटांबद्दल मी उपदेश करणार नाही, तंबी देणार आहे. पोर्शेच्या नटाची बैठक गोल असते, चेंडूसारखी. आटे एम १४, म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाचे, आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दीड. बाजारातल्या पुष्कळ चाकांची बैठक शंकूसारखी तिरकी असते. गोल नट तिरक्या बैठकीत आवळला तर तो एका बारीक रेषेवर टेकतो, आवळताना घट्ट लागतो आणि चालवताना सैल होतो. चाक बदललं तर त्या चाकाला हवा तसा नट, हा खर्च टाळता येत नाही. टॉर्क पान्यानं १३० न्यूटन-मीटर, आणि पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा पाना लावून बघायचा. इतर कंपनीच्या चाकाचं मधलं भोक ७१.६पेक्षा मोठं असेल तर मध्यावर बसवणारी कडी घालायची. लहान असेल तर मोठं करायला कुणाच्या लेथवर जाऊ नका.

राहिला तुमच्या घरचा सल्ला. तो सगळ्यात स्वस्त आहे आणि मला तो पटतो. तीन चाकं रंगवून घ्यावीत, वाकलेल्याच्या जागी तसंच एक जुनं शोधावं. वाकलेलं तापवून सरळ करून देणारे भेटतील. भिंतीला टांगायला ठीक आहे, रस्त्यावर मी वापरणार नाही. रंगाऱ्याला एवढं बजावा की हबला टेकणारी बाजू आणि नटांच्या बैठका झाकून ठेव. तिथे रंगाचा थर बसला की तो दबत जातो आणि नट ढिले पडतात. १६ इंचीसाठी पैसे साठवेपर्यंत वर्ष सहज जाईल, आणि तोवर तुम्हाला १५ इंची आवडायला लागली असतील. असं होतं.

विकणाऱ्याला आज एवढंच कळवा की दोन दिवस थांब. आधी चासी नंबरातलं दहावं अक्षर बघा आणि मला लिहा. ‘जी’ असेल तर पुढच्या वेळी आपण टेलिफोनफेल्गंच्या भावाबद्दल बोलू. ‘एच’ असेल तर मडगार्डची कड चाचपल्यावर बोटाला काय लागलं, तेही कळवा.